शाळेची वेळ बदलली, झोपेची कधी बदलणार?

राज्य सरकारने 8 फेब्रुवारी 2024 रोजी आदेश काढला की, पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचा मुद्दा मांडला होता. निर्णय चांगलाच आहे. पण आपल्या घरांत त्याचा किती फायदा होतो?

फजरची वेळ सरकारी आदेशाने बदलत नाही. सकाळी मकतबला जाणारं मूल शाळा 9 ला असली तरी पहाटेच उठतं. पाचवीपासून पुढच्या मुलांना तर हा आदेश लागूच नाही. म्हणजे आपल्याला झोप मिळवायची असेल तर ती रात्रीच्या बाजूनेच मिळवावी लागेल.

हिशोब सोपा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या शिफारशीप्रमाणे 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी. साडेपाचला उठणारं आठ वर्षांचं मूल साडेआठला झोपलेलं असायला हवं, आणि दहावीतला मुलगा साडेनऊला. प्रत्यक्षात त्या वेळी आपल्या मोहल्ल्यात मुलं गल्लीत नाहीतर मोबाइलवर असतात.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नाही. दिवसा शिकलेलं गाढ झोपेत मेंदूत पक्कं होतं. 1924 मध्येच जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी प्रयोगातून दाखवलं होतं की, पाठ केल्यावर झोपलं तर जागं राहण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. हाताच्या कौशल्यांचंही तसंच आहे. टायपिंग असो की शिवणकाम, सरावानंतरच्या झोपेत हात बसतो. हिफ्ज करणाऱ्या मुलाचा सबक रात्री पाठ होऊन फजरनंतर ऐकला जातो, पण मधली झोपच कापली तर सबक कच्चा राहतो.

2025 मध्ये दहावीची परीक्षा सुरू असतानाच रमजान आला. तरावीह आणि सहरी यांच्यामध्ये झोप थोडीच उरते. त्यातही रात्रभर जागून अभ्यास करणं म्हणजे नुकसानच. तरावीहनंतर थेट झोपावं, अभ्यास फजरनंतर करावा आणि दुपारी कैलुला करावा. सकाळच्या सत्राचा पेपर 11 वाजता असतो, तोवर उजळणीला पुरेसा वेळ मिळतो.

इशानंतर गप्पा मारत बसणं नबी करीम (स.) यांना पसंत नव्हतं. पहाटे उठण्याची सुन्नत आपण मुलांना शिकवतो, लवकर झोपण्याची मात्र विसरतो. मकतबच्या आणि शाळेच्या वेळा जुळवायला मस्जिद कमिटी आणि मुख्याध्यापकांनी एकत्र बसावं. बाकी काम घरचं आहे: इशानंतर मोठ्यांनी आधी आपला मोबाइल बाजूला ठेवावा, मुलं आपोआप ठेवतील.