कॅमेरा कोठें उभा आहे?

अंदाजपत्रक आलें, निवडणूक लागली किंवा कांदा महागला कीं पुण्याच्या मंडईंत वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे येऊन उभे राहतात. दोन गाळेवाले, एक गृहिणी आणि एखादे सेवानिवृत्त गृहस्थ यांस चार प्रश्न विचारले, म्हणजे पुणेकरांचें मत तयार होतें. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. तेव्हां मंडईंत उभें राहून 'कांदा आवाक्यांत येणार' असें सांगतां येत होतें, आणि लासलगांवीं उभें राहून 'शेतकरी बुडाला' असेंहि सांगतां येत होतें. कॅमेरा कोठें ठेवला यावरूनच पक्ष ठरत होता. खोटें बोलण्याची गरजच नव्हती.

पक्षपात नवा आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. याच शहरांत १८७७ सालीं 'दीनबंधु', १८८१ सालीं 'केसरी' आणि १८८८ सालीं 'सुधारक' निघाला. (मंडईच्या इमारतीवर पैसा खर्चण्यास नगरपालिकेंत विरोध करणाऱ्या जोतीराव फुल्यांचें नांव आज तिलाच आहे, हीहि पुण्याचीच तऱ्हा!) 'केसरी' घेणारास तो कोणत्या बाजूचा, हें अंक उघडण्यापूर्वींच ठाऊक असे, आणि 'सुधारक' वाचणारा शेजारी त्याचा समाचार घेण्यास सज्ज असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें. तें सरकारचें होतें व आणीबाणींत सरकारचीच री ओढी, हेंहि कोणापासून लपलेलें नव्हतें.

खरा पालट तारेनें केला. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास केबल गच्चीवरून घरांत शिरली. २००७ पासून चोवीस तास मराठी बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या. निवेदक कोणाची बाजू घेतो यावर घरोघर वाद झडले. पण त्या तारेंत जागा मोजकी, आणि चित्र स्वच्छ दिसेल अशी जागा मिळावी म्हणून वाहिन्या केबलचालकांस पैसे मोजीत, इकडे प्रेक्षकांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. २०१३ सालीं पुण्यांत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला व जागेची टंचाई सरली. मग पेटी लावतांच जी वाहिनी आपोआप समोर येते, त्या पहिल्या जागेसाठीं पैसे मोजले जाऊं लागले. कारण जाहिराती लोकप्रियतेच्या आंकड्यावर मिळतात. आणि २०२० सालीं देशांतील सुमारें एकवीस कोटि घरांची आवड अवघ्या ४४,००० घरांतील यंत्रांवरून ठरत होती. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत मुंबई पोलिसांनीं या मापांत लबाडी झाल्याचा आरोप केला, तेव्हां वृत्तवाहिन्यांचे आंकडे थांबले, ते मार्च २०२२ मध्यें पुन्हां प्रसिद्ध होऊं लागले.

आतां मोबाइलवर तर ज्यास जें रुचतें तेंच पुढें येतें. पूर्वीं सासरे व सून एकाच निवेदकावर रागावत. निदान कशावरून रागावलों, हें उभयतांस ठाऊक असे. हल्लीं एकाच पंक्तीस बसलेल्या आजोबांनीं व नातवानें दोन निरनिराळीं जगें पाहिलेलीं असतात, आणि मग वाद होत नाहीं, अबोला होतो. एकत्र कुटुंबास हें अधिक घातक आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून आठवड्यांतून एकदां तरी एकाच घटनेची बातमी दोन वाहिन्यांवर सर्वांनीं मिळून पाहावी. कॅमेरा कोठें उभा होता, कोणास बोलूं दिलें नाहीं, हें मुलांनीं सांगावें; वडीलधाऱ्यांनीं त्या दिवशीं सर्वांच्या शेवटीं बोलावें.