अरण्य राखले, पण ओढ्याचे काय?

गोड्या पाण्यातील मासे, चतुर, खेकडे, झिंगे आणि क्रेफिश अशा २३,४९६ प्रजातींचा आढावा घेणारा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २४ टक्के प्रजाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. खेकडे, झिंगे व क्रेफिश यांच्या गटात हे प्रमाण ३० टक्के आहे.

अरण्य राखले की त्यातील जीव आपोआप राखले जातात, हा समज ऑस्ट्रेलियातील क्रेफिशने खोटा ठरवला आहे. क्वीन्सलँड राज्यातील लॅमिंग्टनच्या डोंगराळ वर्षावनाला १९१५ पासून राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण आहे. तेथील उंचावरच्या ओढ्यांत निळा काटेरी क्रेफिश राहतो. दिसायला तो शेवंडीसारखा, मात्र पुढे दोन दणकट नांग्या असलेला. याच कुळातील पन्नासहून अधिक प्रजाती पूर्व ऑस्ट्रेलियात आहेत. काही तर एकाच डोंगरमाथ्यापुरत्या उरल्या आहेत.

या जिवांना थंड, प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. पाणी तापले तर वर सरकावे, पण माथ्यापलीकडे जागा नाही. शेजारचा डोंगर गाठायचा तर मध्ये उष्ण दरी आहे. २०१९-२० च्या वणव्यांत एरवी न पेटणारी ओली वर्षावनेही होरपळली. अशा वणव्यांनंतरच्या पावसात राख आणि माती ओढ्यांत उतरते व पाण्यातील प्राणवायू घटतो. उद्यानाची सीमा यांतील काहीच अडवू शकत नाही.

भारतात क्रेफिश मूळचा नाही. मात्र सर्वाधिक संकटग्रस्त प्रजाती असलेल्या प्रदेशांत याच अभ्यासाने पश्चिम घाटाचा उल्लेख केला आहे. घाटातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांची स्थितीही क्रेफिशसारखीच आहे. त्यांची पिल्ले समुद्रात वाहून जाऊन दूर पसरत नाहीत. अंड्यातून थेट इवला खेकडाच बाहेर येतो. त्यामुळे एखादी प्रजाती मोजक्या ओढ्यांपुरतीच राहते. ते ओढे आटले की ती संपते.

म्हादईचा वाद मात्र टीएमसीत मांडला जातो. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, तर गोव्याला २४ टीएमसी पाणी दिले. नदीला मिळणाऱ्या एकेका ओढ्यात चैत्र-वैशाखात किती पाणी उरते, ते किती तापते, हे या आकड्यांतून कळत नाही. वाघांच्या नोंदी ठेवणाऱ्या अभयारण्यांनी ओढ्यांच्या प्रवाहाची आणि तापमानाची नोंदही नियमित ठेवली पाहिजे. त्यासाठी लागणारा खर्च फारसा नाही. ती नोंद नसेल, तर काय गमावले हेदेखील गोव्याला सांगता येणार नाही.