खुर्ची बदलते, दप्तर राहते

आमचे शहागड गोदाकाठी. समुद्र इथून कितीतरी दूर! तरीही आज आरमारावर लिहितो आहे. तोफा-गलबतांवर नव्हे, कारकुनांवर.

शिवरायांनी आरमार उभारले, कान्होजी आंग्र्यांनी गाजवले, हे आपण सगळेच शिकलो. पण १६७४ च्या राज्याभिषेकाचे अष्टप्रधान आठवून पाहा. पेशवे, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश, पंडितराव. आरमाराचा वेगळा प्रधान नाही. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले. त्याच्या खर्चाला मुलूख नेमून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर भार टाकू नये, असे बजावले.

प्रत्यक्षात मात्र सरखेली आंग्रे घराण्यात राहिली. १७२९ साली कान्होजी गेले. पुढे भावाभावांत तंटा लागला आणि १७३५ मध्ये दौलतीची वाटणी झाली. मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाला. १७५६ साली तर पेशव्यांनीच इंग्रजांच्या सोबतीने तुळाजीचा पाडाव केला. विजयदुर्गाच्या बंदरात ते आरमार जळाले.

आता इंग्रजांकडे पाहू. सॅम्युअल पेपिस १६६० साली त्यांच्या नौदल मंडळाचा कारकून झाला आणि १६७३ मध्ये आरमाराच्या मुख्य कचेरीचा, म्हणजे ॲडमिरल्टीचा सचिव. लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा द्यावी लागेल, हा नियम त्याच्याच काळात, १६७७ साली आला. पण राजा बदलला तशी १६८९ मध्ये त्याचीही खुर्ची गेली! पुढे दोन सचिव असत. १८३० साली सरकार बदलले तेव्हा पहिला सचिव क्रोकर गेला, दुसरा सचिव जॉन बॅरो मात्र जागेवरच राहिला. मधला थोडा काळ सोडला तर तो १८०४ पासून १८४५ पर्यंत तिथे होता. मंत्री येवोत-जावोत, कामाची माहिती कचेरीत राहिली. कायम सचिवाचे पद असे हळूहळू घडले.

आंग्रे शौर्यात कुठेही कमी नव्हते. इंग्रजांपाशी पैसा होता, व्यापार होता, हेही खरे. तरी मला वाटते, घराण्याबाहेर टिकेल असे दप्तर आपण उभे केले नाही, ही उणीव मोठी होती.

हे जुने पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. २०२३ साली आमच्या अंबड तालुक्यात लोक कुणबी नोंदींसाठी जुनी कागदपत्रे शोधत होते. निजामकाळातल्या कुणा कारकुनाने लिहिलेल्या एका ओळीवर नातवंडांचा दाखला अवलंबून होता. त्या वेळचे राज्य गेले, अधिकारी गेले. जिथे कोणी रजिस्टर नीट जपले, तिथे ती ओळ सापडली.

म्हणून नवीन मुख्याध्यापक किंवा सरपंच आला की मी सत्काराआधी एकच विचारतो, जुने दप्तर मोजून ताब्यात घेतले का? लोकांना हा म्हाताऱ्याचा हेका वाटतो. वाटू द्या.