विश्लेषण : देणगी इमारतीला की प्राध्यापकाला?

माजी विद्यार्थ्याने आपल्या संस्थेला कोट्यवधी रुपये दिले, ही बातमी आता नवी राहिलेली नाही. जून २०२३ मध्ये नंदन निलेकणी यांनी मुंबई आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरता त्यांची एकूण देणगी ४०० कोटींवर गेली. पुढच्या वर्षी कृष्णा चिवुकुला यांनी मद्रास आयआयटीला २२८ कोटी दिले. अशा रकमांतून वसतिगृहे, प्रयोगशाळा, संशोधन केंद्रे उभी राहतात. पण त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्राध्यापकाच्या नावे देणगी देण्याची पद्धत मात्र आपल्याकडे अजून बाळसे धरते आहे.

प्राध्यापक फेलोशिप म्हणजे काय?

विद्यार्थ्याला मिळते ती शिष्यवृत्ती. ही फेलोशिप नोकरीत असलेल्या प्राध्यापकाला, बहुधा तीन ते पाच वर्षांसाठी मिळते. पगार संस्था देतेच. त्यावर काही मानधन आणि संशोधनासाठी मोकळी रक्कम देणगीतून येते. ज्येष्ठांसाठी ‘अध्यासन’ असते, तरुणांसाठी फेलोशिप. कानपूर आयआयटीत तरुण प्राध्यापकांसाठी पु. का. केळकर यांच्या नावाची फेलोशिप आहे. केळकर हे त्या संस्थेचे पहिले संचालक आणि पुढे मुंबई आयआयटीचेही संचालक.

कल्पना जुनीच आहे. केंब्रिज विद्यापीठातले गणिताचे ल्युकेशियन अध्यासन १६६३ मध्ये हेन्री ल्युकस यांच्या मृत्युपत्रातून उभे राहिले आणि १६६९ मध्ये न्यूटन त्यावर बसले. ल्युकस यांनी त्यासाठी वर्षाला १०० पौंड उत्पन्न देणारी जमीन ठेवली होती, हे लक्षात घेण्याजोगे.

सरकारी पगार असताना याची गरज काय?

सातव्या वेतन आयोगानुसार आयआयटीतील श्रेणी एकच्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन १ लाख १ हजार ५०० रुपयांपासून सुरू होते. ते कमी नाही; पण चिप डिझाइन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेतला पीएचडीधारक खासगी कंपनीत याच्या कितीतरी पट कमावतो. ही दरी फेलोशिपने बुजणार नाही, आणि तो तिचा हेतूही नसावा. खरी अडचण वेगळी आहे. सरकारी प्रकल्पाचा निधी मंजूर व्हायला वेळ लागतो आणि तो ठरलेल्या शीर्षाखालीच खर्च करावा लागतो. मध्येच एखादी नवी कल्पना सुचली, एखादे उपकरण तातडीने हवे झाले, विद्यार्थ्याला परिषदेला पाठवायचे ठरले, तर हात बांधलेले. प्राध्यापकाच्या पहिल्या पाच वर्षांत, म्हणजे प्रयोगशाळा रिकामी आणि उमेद भरपूर असते तेव्हा, वर्षाला पाच लाखांची मोकळी रक्कम जे करते ते पुढे पन्नास लाखांनीही होत नाही.

एका फेलोशिपला किती पैसे लागतात?

इथेच बहुतेक देणगीदारांचा हिशेब चुकतो. एक कोटी रुपये ठेवले आणि सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला सात लाख येतात. ते सगळे खर्च केले तर मुद्दल तेवढेच राहते, आणि महागाई पाच टक्के धरली तर १४ वर्षांत त्या सात लाखांची किंमत निम्मी होते. म्हणून चार लाख खर्चायचे आणि तीन लाख मुद्दलात परत टाकायचे, असा मार्ग घ्यावा लागतो. अमेरिकी विद्यापीठेही साधारण पाच टक्क्यांच्या आसपासच रक्कम दरवर्षी काढतात. ल्युकस यांची जमीन याच कारणाने शहाणपणाची होती. दरवर्षी धनादेश देण्याचे आश्वासन वेगळे आणि कायमचा निधी वेगळा. पहिल्यात देणगीदाराचा धंदा मंदावला की फेलोशिपही संपते.

धोका कुठे आहे?

निवडीत. नाव देणगीदाराचे असावे, पण कोणाला द्यायची हे त्याने ठरवू नये. निवड समितीत त्याचा प्रतिनिधीही नको. सिमेंट कंपनीच्या फेलोशिपवरचा प्राध्यापक सिमेंटच्या प्रदूषणावर लिहू शकतो की नाही, याचे उत्तर करारातच हवे, आणि तो करार संकेतस्थळावर सर्वांना वाचता यायला हवा.

दुसरा धोका सरकारच्या बाजूने आहे. ‘माजी विद्यार्थी देतातच’ म्हणून अनुदानाला कात्री लागली, तर देणगी ही भर न राहता भरपाई होते. श्रीमंत माजी विद्यार्थी नसलेल्या संस्थांना तर तीही मिळत नाही. राज्यातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्राध्यापक कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर शिकवतात. पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला तीन वर्षांची फेलोशिप कशी देणार? १८५४ ची परंपरा सांगणारे पुण्याचे सीओईपी किंवा १८८७ चे माटुंग्याचे व्हीजेटीआय यांच्याकडे जगभर पसरलेले माजी विद्यार्थी तरी आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात मात्र आधी पद भरावे लागेल, आणि ते काम कोणत्याही देणगीदाराचे नाही.