पोरीचा फोन कपाटात ठेवण्याआधी

जानेवारीतला रविवार होता. काळेवाडीच्या विहारात वंदना झाली आणि नेहमीप्रमाणे आम्ही बी.पी. तपासायला बसलो. रांगेतली एक माऊली स्वतःचा हात पुढे करायचा सोडून मागे उभ्या असलेल्या मुलीला पुढे ढकलत म्हणाली, "सिस्टर, हिला बघा. डोकं दुखतं म्हणती, जेवत नाही, रात्री टक्क जागी असती. बारावीचं वर्ष आहे."

मुलगी हुशार, दहावीला चांगले मार्क मिळवलेली. वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, बहुतेक रात्रपाळी. आई रहाटणी-पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाची कामं करते. घर एका खोलीचं. अभ्यासासाठी म्हणून मुलीला फोन घेऊन दिलेला, त्याचे हप्ते नुकतेच फिटलेले.

आम्ही डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढुरकी होती. हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. वजन कमी होतं. आणि मग आम्ही ती चूक केली, जिच्यासाठी हा लेख लिहितो आहोत. आईला म्हणालो, "रात्रभर मोबाइल बघत असेल. काढून घ्या काही दिवस, आपोआप झोप येईल."

त्याच रात्री वडिलांनी फोन कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घालून कामावर गेले.

सतरा वर्षं वॉर्डात काम केलेल्या नर्सला कळायला हवं होतं की ताप आला की आधी ताप कशाचा ते शोधायचं असतं. आम्ही त्या मुलीला एकटीला बाजूला घेऊन एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. जे विचारलं ते आईसमोर, शेजारणींसमोर, रांगेत. तिथे कुठली पोर बोलेल?

बारा दिवसांनी ती एकटीच आमच्या घरी आली. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, माझा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर त्रुटी काढून परत आलाय, मैत्रिणीनं सांगितलं. मेसेज आणि ओटीपी माझ्याच नंबरवर येतो आणि फोन कपाटात आहे. पप्पांना काय सांगू?" अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. आम्ही तिच्या घरी गेलो, फोन बाहेर काढला, जातीच्या दाखल्याची नीट दिसणारी प्रत पुन्हा चढवली. अर्ज गेला. त्यानंतर चहा पिताना तिने खरी गोष्ट सांगितली. तिच्या परवानगीने ती इथे लिहितो आहोत. तिची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

अकरावीत गेल्यावर वर्गातल्या सगळ्यांची खाती होती म्हणून तिनेही एक-एक ॲप उघडून पाहिलं. एकावर नातेवाईक भेटले. एकावर नुसते व्हिडिओ. फोटो टाकायच्या एका ॲपवर मैत्रिणी. सुरुवातीला मजा आली. नर्सिंगच्या सीईटीची तयारी करणाऱ्या मुलींचा एक गट सापडला. त्यात विदर्भातली एक मोठी ताई जुन्या प्रश्नपत्रिका टाकायची, कुठली कागदपत्रं आधीपासून काढून ठेवायची ते सांगायची. काळेवाडीच्या गल्लीत हे सांगणारं तिला कोणी नव्हतं.

मग २५ डिसेंबर आला. त्या दिवशी देहूरोडच्या धम्मभूमीवर किती गर्दी असते ते वाचकांना सांगायला नको. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, म्हणून आपण हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळतो. मुलीने पांढऱ्या साडीतला स्वतःचा फोटो टाकला आणि खाली स्त्रीमुक्ती दिनाच्या शुभेच्छा लिहिल्या. इतकंच.

संध्याकाळपर्यंत ओळखीच्यांचे जयभीम आले. रात्री अनोळखी लोक आले. कोणी रंगावर बोललं, कोणी आरक्षणावर, कोणी सरळ जात काढून शिवी दिली. दोघेजण तिच्याच कॉलेजचे होते, हे तिला नंतर कळलं. तिने त्या कंपनीकडे तक्रार केली, तर नियमांचा भंग आढळला नाही असं उत्तर आलं. मग कोणीतरी तिचा तोच फोटो उचलून तिच्या नावाचं खोटं खातं काढलं आणि त्यावरून मुलांना घाण मेसेज जायला लागले. तिने फोटो काढून टाकला. खात्यावरचं आडनाव काढलं, नुसतं पाळण्यातलं नाव ठेवलं. आणि तीन आठवडे रोज रात्री उशीखाली फोन घेऊन, आता कोणी काय लिहिलं असेल हे बघत जागी राहिली.

हे होतं तिचं डोकं दुखण्याचं कारण. आम्ही त्याला मोबाइलचं वेड म्हणालो होतो.

आम्ही विचारलं, "घरी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर फोन गेला असता. तुम्ही न सांगताच घालवलात." या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

वडिलांनाही दोष देता येत नाही. आम्ही त्यांना भेटलो तेव्हा ते म्हणाले, "ताई, शिर्डीचं विसरलात का?" विसरलो नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाला, मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून मारहाण झाली आणि त्यात त्याचा खून झाला. आपल्या घरातला बाप मुलांच्या फोनला घाबरतो तो उगाच नाही. पोरीचं नाव, फोटो, जात चव्हाट्यावर आली की काय होऊ शकतं हे त्याने पाहिलेलं आहे. पण भीती खरी असली म्हणून तिच्यावरचा उपाय बरोबर असतोच असं नाही. फोन कपाटात गेल्यावर शिव्या देणारे थांबले नाहीत, खोटं खातं बंद पडलं नाही. बंद पडली ती मुलीची शिष्यवृत्ती, सीईटीचा गट आणि घरातलं बोलणं.

बारावीची परीक्षा झाल्यावर आम्ही तिच्याकडून एक काम करून घेतलं. वॉर्डात रुग्णाच्या उशाशी टीपीआर चार्ट असतो: ताप, नाडी, श्वास, ठरलेल्या वेळी. तसाच चार्ट वहीत आखला. कुठलं ॲप, किती वेळ, आणि ठेवल्यावर अंगाला-मनाला कसं वाटलं. पहिला आठवडा नेहमीसारखं वापरायचं. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या घंट्या बंद आणि रात्री दहानंतर फोन चुलीपाशी, अंथरुणात नाही. तिसऱ्या आठवड्यात फक्त ओळखीची माणसं आणि अभ्यासाचा गट ठेवायचा, बाकी बंद.

वहीत काय निघालं? सीईटीच्या गटावर अर्धा तास बसली की पुढे लिहिलेलं असे, "बरं वाटलं." मावशीशी व्हिडिओवर बोलल्यावर, "हसले." पण नुसते व्हिडिओ सरकवत बसली की वेळेच्या रकान्यात दीड तास आणि शेवटच्या रकान्यात "काही नाही" किंवा "मी जाडी दिसते का?" वजन ४१ किलो असलेली मुलगी हे लिहीत होती. दुसऱ्या आठवड्यात झोप पाचवरून सात तासांवर आली, सकाळचं डोकं दुखणं कमी झालं. गोळी आम्ही लोहाची सोडून दुसरी दिलेली नव्हती.

म्हणजे ॲप चांगलं की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. माणसाशी बोलायला वापरलं की एक परिणाम, नुसतं बघत राहिलं की दुसरा. आणि बघत राहावं अशीच त्याची रचना आहे. पान संपतच नाही, बोट फिरवलं की नवीन येतं. जितका वेळ पोर तिथे बसेल तितक्या जाहिराती दिसतील, त्यावर कंपनीचा धंदा. फेसबुकमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आणली. त्यात कंपनीनेच केलेली पाहणी होती: आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०२३ मध्ये इशारा दिला की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वेळ यावर घालवणाऱ्या मुलांमध्ये उदासी आणि चिंतेचा धोका दुप्पट असतो. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. ती तुटली की अभ्यास, पाळी, भूक, चिडचिड, सगळं त्याच्या मागे जातं.

आणखी एक गोष्ट आम्हाला नर्स म्हणून सांगितलीच पाहिजे. फोटोला गोरं करणारा फिल्टर लावायची सवय लागली की आरशातला चेहरा नकोसा होतो, आणि पोरी दुकानातून स्टेरॉइडची ट्यूब आणतात. तिने चार दिवस उजळतं, मग कातडी पातळ होते, लाल होते, लव वाढते. नाव-पत्ता नसलेल्या गोरं करायच्या क्रीममध्ये पाराही सापडतो. अकोल्यातली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण यांना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममधला पारा उघड झाला. रंगावरून शिवी देणारा आणि गोरेपणाचं क्रीम विकणारा, दोघे एकाच फोनमधून पोरीपर्यंत पोचतात.

तरीही आम्ही म्हणतो, फोन परत द्या. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती. आपलं म्हणणं दुसरा छापत नाही, म्हणून स्वतःचं पत्र काढावं लागलं. आज आपल्या पोरीच्या हातात ते साधन आहे. शिव्या देणाऱ्याला तेच हवं आहे, की तिने फोटो काढावा, आडनाव काढावं, गप्प बसावं. आपण फोन कपाटात ठेवतो तेव्हा त्याचं काम आपणच पूर्ण करतो.

मग घरात काय करायचं? आमच्या अनुभवातून सांगतो.

पहिली गोष्ट, आजच मुलीला-मुलाला शब्द द्या: "काहीही घडलं, तुझ्या चुकीने घडलं तरी, सांगितल्याबद्दल फोन काढून घेणार नाही." हा शब्द मोडू नका. मुलं याच एका भीतीने गप्प बसतात.

दुसरी, रात्रीचा फोन सगळ्या घराचा बाहेर. आईवडिलांचाही. बाप रील बघत झोपतो आणि पोरीला दटावतो, हे चालणार नाही.

तिसरी, शिवी आली की लगेच पुसू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, खात्याची लिंक लिहून ठेवा. मग ब्लॉक करा. आमच्या मुलीने सगळं पुसून टाकलं, म्हणून तक्रारीला पुरावा गोळा करताना मैत्रिणींचे फोन शोधावे लागले.

चौथी, तक्रार करा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पैशांची फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० लावा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८. जात काढून जाहीर अपमान करणं हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि इंटरनेटवर टाकलेलं हे चारचौघांत बोलल्यासारखंच धरलं जाईल, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. पोलीस ठाण्यात "दुर्लक्ष करा, खातं बंद करा" असं ऐकायला मिळालं, तर एकटे परत येऊ नका. दोन-तीन कार्यकर्ते सोबत घेऊन लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

पाचवी, झोप दोन आठवडे उडाली, जेवण तुटलं, "मी नसते तर बरं" असं पोर बोललं, तर ते नाटक समजू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. एकटीला बोलू द्या, शेजारी उभं राहू नका.

सहावी गोष्ट आपल्या मुलांच्या आईवडिलांना. शिव्या देणारे बाहेरचेच असतात असं नाही. दुसऱ्याच्या मुलीच्या फोटोखाली आपला मुलगा काय लिहितो, तेही एकदा विचारा. पंचशीलात चौथं शील आहे, ते अंगठ्याने टाइप केलेल्या शब्दालाही लागू आहे.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे वाचक विचारतील. खोटं खातं, पुन्हा पुन्हा तक्रार केल्यावर, बंद झालं. कॉलेजच्या त्या दोघांना प्राचार्यांसमोर बोलावलं गेलं, एकाने माफी मागितली, दुसऱ्याने नाही. सीईटी तिने दिली. फोन तिच्याकडे आहे, रात्री चुलीपाशी असतो. वडील आता सुट्टीच्या दिवशी तिला विचारतात, "काय चाललंय तुझ्या त्या ॲपवर?" आणि ती दाखवते.

आडनाव तिने अजून परत लावलेलं नाही. आम्ही आग्रह धरला नाही. ते तिच्या मनाने यायला हवं, आणि लावलं त्या दिवशी तिच्यामागे आपण सगळे उभे असायला हवेत.

पुढच्या महिन्यापासून पहिल्या रविवारी वंदनेनंतर बी.पी.च्या टेबलाशेजारी आम्ही दुसरी खुर्ची ठेवणार आहोत, जराशी लांब, पडद्याआड. मुलं तिथे एकटी येऊन बोलू शकतील. आईवडिलांनी बाहेर थांबावं, ही विनंती. जयभीम.