स्वभावाला औषध नाही म्हणे!

“ताई, तिखट सोडलं, चहा सोडला, तरी छातीतली जळजळ जात नाही. घरचे म्हणतात, तुझा स्वभावच काळजीखोर, त्याला कोण काय करणार?” एका भगिनीचं हे गाऱ्हाणं तुमच्यापैकी कितीतरी जणींना आपलंच वाटेल.

आधी हे लक्षात घ्या की दुखणं खरं आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती नको तेव्हा सैल पडली की जठरातलं आम्ल वर येतं आणि जळजळ होते.

मग स्वभावाचा संबंध नाहीच का? आहे तर! काळजीने दर वेळी आम्ल जास्त वर येतं असं नाही, पण मनावर ताण असला की अन्ननलिका हळवी होते. एरवी जाणवलंही नसतं तेवढं आम्ल मग निखाऱ्यासारखं झोंबतं. जळजळीने झोप उडते, आणि जागरणाने जळजळ आणखी जाणवते.

त्यात आपली रीत कशी? सगळ्यांची पानं उठल्यावर दहा वाजता चार घास घाईने गिळायचे, त्यांच्याबरोबर दिवसभराचा रागही गिळायचा, आणि ओटा आवरून लगेच आडवं व्हायचं!

तेव्हा उद्यापासून सगळ्यांबरोबरच आपलंही पान वाढून घ्या. जेवण आणि झोप यांत ३ तास जाऊ द्या. नुसत्या उशा रचू नका. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे देऊन ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. डाव्या कुशीवर झोपा. रोज थोडा वेळ पोटाने सावकाश श्वास घ्या. आणि मनाला बोचलेलं त्याच दिवशी, शांतपणे बोलून टाका.

घास अडकतो, वजन उतरतं, शौचाला काळी होते किंवा उलटीत रक्त दिसतं, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपण, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर ‘पित्तच असेल’ म्हणून पडून राहू नका. तडक इस्पितळ गाठा.

स्वभावाला औषध नसेलही, पण जळजळीला आहे. ते मागायला संकोच कसला?