पावणेचार मिलिमीटरची फट

एरोस्पाइकवर तरुण इंजिनीअरचा जीव जडतो, आणि त्यात वावगं काही नाही. बेल नॉझल एकाच उंचीच्या हवेला बेतलेलं असतं. जमिनीवर ते मोठं पडलं तर झोत भिंतीपासून सुटतो, लहान ठेवलं तर विरळ हवेत गेल्यावर थ्रस्ट हातचा जातो. स्पाइकवर झोताची बाहेरची बाजू मोकळी असते. भोवतीची हवाच ती दाबून धरते आणि रॉकेट चढेल तशी सैल सोडते. रॉकेटडाइनने १९६०च्या दशकातच यावर भरपूर काम केलं होतं. पुढे एक्स-३३ या प्रायोगिक यानासाठी बनवलेलं त्यांचं एक्सआरएस-२२०० इंजिन जमिनीवर नीट चाललं, पण हायड्रोजनची कंपोझिट टाकी चाचणीत फुटली आणि २००१मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला.

मग छोट्या स्टार्टअपने स्पाइक घ्यावा का? आमचं मत असं, की आधी चेंबरचा दाब ठरवावा आणि मगच नॉझलकडे वळावं. रॅप्टरसारखं ३०० बारच्या आसपास चालणारं इंजिन असेल, तर साध्या बेललाही समुद्रसपाटीवर मोठं प्रसरण परवडतं. स्पाइकला मिळवण्यासारखं थोडंच उरतं. १५-२० बारच्या प्रेशर-फेड इंजिनाचं तसं नाही. तिथे बेल फार उघडताच येत नाही, आणि स्पाइकचा फायदा ठळक दिसतो.

टेक्सासच्या फायरफ्लायने २०१४मध्ये नेमका हाच हिशेब मांडला होता: टर्बोपंप नको, प्रेशर-फेड इंजिन, आणि मधल्या प्लगभोवती बारा छोटे चेंबर. हिशेब सुसंगत होता. पण प्रेशर-फेड म्हटलं की तो सगळा दाब टाकीने सोसायचा, म्हणजे टाकी जड. पुढे गुंतवणूकदार मागे फिरल्याने कंपनी बुडाली; त्याचं खापर स्पाइकवर फोडणं अन्यायाचं होईल. मात्र नव्या मालकीत उभ्या राहिलेल्या अल्फा रॉकेटने टर्बोपंप घेतला आणि चार रीव्हर इंजिनांना साधी बेल लावली. पेलोडचा आकडा ४०० किलोवरून १,००० किलोवर गेला. रॉकेटही मोठं झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पंपाला देता येत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये दुसऱ्या उड्डाणात अल्फा कक्षेत पोचलं, ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत का होईना.

आता खरी अडचण जवळून पाहू. ५ किलोन्यूटनचं इंजिन घ्या, चेंबरचा दाब २० बार. थ्रोटचं क्षेत्रफळ साधारण १८ चौरस सेंटिमीटर येतं. बेलमध्ये हे ४.८ सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक. त्याचा परीघ १५ सेंटिमीटर. तेच क्षेत्रफळ १५ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात पसरवलं, की फट उरते ३.८ मिलिमीटरची आणि आतबाहेरच्या दोन्ही कडा मिळून ९४ सेंटिमीटर. उष्णतेचा मारा सर्वांत जास्त थ्रोटवर असतो, आणि तिथेच थंड ठेवायची धातूची कड सहापट झाली. इंधनाचा प्रवाह मात्र तेवढाच! म्हणूनच बार्सिलोनाच्या पांगेआने २०२१मध्ये चालवलेल्या थ्रीडी-छापील एरोस्पाइक इंजिनात मिथेन आणि द्रवरूप ऑक्सिजन दोन्ही कूलिंगला लावले.

फटीचं दुखणं एवढ्यावर संपत नाही. तांब्याचा स्पाइक बाहेरच्या कड्यापेक्षा ३०० अंशांनी जास्त तापला, तर ७.५ सेंटिमीटरच्या त्रिज्येत तो ०.३८ मिलिमीटर फुगतो. म्हणजे फट दहा टक्क्यांनी मिटली आणि चेंबरचा दाब त्याच मानाने चढला. स्पाइक ०.१ मिलिमीटरने एका बाजूला सरकला असेल तर एकीकडे ३.९ आणि समोर ३.७, थ्रस्टची रेषा कलते. भोसरी-चाकणच्या ज्या शॉपमध्ये मिलिमीटरचा शंभरावा भाग रोज सांभाळला जातो, त्यांना थंड भाग अचूक कापणं अवघड नाही. भाग लाल होण्याच्या बेतात असताना ते माप टिकवणं, हे डिझाइन करणाऱ्याचं काम आहे.

बारा गोल थ्रोटचा प्लग-क्लस्टर फटीचा प्रश्न सोडवतो, असं म्हणतात, आणि ते बरंचसं खरं आहे. त्याबदल्यात बारा इग्निशन, बारा व्हॉल्व्ह आणि शेजारच्या झोतांमधल्या मोकळ्या जागेतला तोटा पत्करावा लागतो. दिशा फिरवायला चेंबरचा थ्रस्ट कमीजास्त करायचा, तर प्रत्येक व्हॉल्व्हचा प्रतिसाद जुळलेला हवा.

तरीही लहान चमूने स्पाइक करावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. फक्त त्याच रॉकेटवर पहिलावहिला टर्बोपंपही उतरवू नये. आधी पाण्याने कूलिंग केलेला चेंबर काही सेकंद चालवा. तांबं एकदा मर्यादेपलीकडे दबलं की गार झाल्यावरही पूर्वीच्या मापावर येत नाही, म्हणून प्रत्येक फायरिंगनंतर फीलर गेजने बारा ठिकाणी फट मोजा. असे आकडे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते आमच्याकडे जरूर पाठवावेत: थंड असताना किती ठेवली होती, दहाव्या फायरिंगनंतर किती भरली, आणि मिश्रधातू कोणता. फसलेल्या चाचणीचे असतील तर ते आधी छापू.